कोल्हापुरात रेड वाइन घेताना: रेटिंग, किंमत आणि बाटलीची तब्येत

कोल्हापुरात ज्या दुकानावर ‘वाइन शॉप’ अशी पाटी असते तिथे वाइनच सगळ्यात कमी असते. काउंटरमागे व्हिस्की आणि रमच्या रांगा, फ्रीजमध्ये बिअर, आणि वाइनच्या वाट्याला येते वरची एखादी फळी, बहुतेक वेळा ट्यूबलाइटच्या अगदी खालची. नवीन माणूस तिथे उभा राहून मोबाइलवर रेटिंग बघतो, चार तारे दिसले की बाटली उचलतो, घरी जाऊन एक घोट घेतो आणि ‘रेड वाइन आपल्याला जमत नाही’ असं ठरवून मोकळा होतो. मैत्रिणी, चुलतभाऊ, शेजारी अशा किती तरी जणांकडून मी हे ऐकलंय. त्यातल्या निम्म्यांच्या बाटल्या मी नंतर पाहिल्या. द्राक्ष बरं होतं, रेटिंगही खोटं नव्हतं. पण बाटली उन्हानं आणि दिवसांनी मेलेली होती.

म्हणून हे लिहितेय. साधारण हजार ते दीड हजार रुपयांत, आपल्या शहरात, चांगली रेड वाइन कशी निवडायची ते. रेटिंग बघायचंच, पण ते नेमकं कुठे उपयोगी पडतं आणि कुठे नाही, हे कळलं की पैसे वाया जात नाहीत.

सुरुवातीला दोन गोष्टी. महाराष्ट्रात वाइन घ्यायला वय २१ पूर्ण हवं, आणि कायद्यानं पिण्याचा परवानाही लागतो. तो राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतो. दुसरं, ‘रेड वाइन हृदयाला चांगली’ हे ऐकून कुणी सुरुवात करणार असेल तर कृपया करू नका. दारूचं कुठलंच प्रमाण पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. वाइन चवीसाठी घ्यायची असते, आणि थोडी. हिशोब लक्षात ठेवा: ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात, आणि साडेतेरा टक्क्यांच्या वाइनच्या अशा एका ग्लासात ३० मिली व्हिस्कीच्या दीडपटीहून जास्त अल्कोहोल असतं. ‘वाइनच तर आहे’ म्हणून तीन ग्लास घेऊन गाडीला किल्ली लावणारे लोक मी पाहिलेत. तसं कधीही करू नका.

आधी आपली जीभ तपासा

बाटली घेण्याआधी घरी एक प्रयोग करा. कपभर पाण्यात दोन चमचे चहा पावडर टाकून पाच मिनिटं उकळा. दूध नाही, साखर नाही. कोमट झाल्यावर घोट घ्या आणि तोंडात फिरवा. गाल आत ओढल्यासारखे होतील, हिरड्या कोरड्या पडतील. हीच चव वाइनमध्ये असते, तिला टॅनिन म्हणतात. इंग्रजीतून वाइन शिकणाऱ्यांना ही चव समजावून सांगायला फार शब्द खर्चावे लागतात. आपल्याकडे त्यासाठी जुना, नेमका शब्द आहे: तुरट. हिरडा, सुपारी, अर्धकच्चं जांभूळ खाल्लेल्या माणसाला टॅनिन वेगळं शिकवावं लागत नाही.

हा तुरटपणा येतो सालीतून आणि बियांतून. तासगावला मामाच्या द्राक्षबागेत माझ्या लहानपणीच्या सुट्ट्या गेल्या. थॉमसन, सोनाका, माणिक चमन, सगळी खायची द्राक्षं: पातळ साल, बी नाही, दाताखाली नुसता गोड रस. वाइनचं द्राक्ष पहिल्यांदा खाल्लं ते पुष्कळ वर्षांनी, नाशिकला, कापणीच्या दिवसांत. काळा, लहानसा मणी. गोडी आपल्या द्राक्षापेक्षा जास्त, पण साल इतकी जाड की चावत बसावं लागलं, आणि बी फुटल्यावर तोंड असं काही कोरडं पडलं की पाणी मागावं लागलं. मणी बोटांत चिरडून पाहिला तर आतला रस जवळजवळ बिनरंगी. तेव्हा कळलं की रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा दोन्ही सालीत असतात. रस सालीसकट आंबवतात म्हणून ती लाल होते.

आता त्या कोऱ्या चहाची चव आठवा. ती तुम्हाला अगदीच नकोशी वाटली असेल तर सुरुवात कमी तुरट वाइनपासून करा. ‘चालेल, बरं लागतंय’ असं वाटलं तर तुमच्यासाठी वाट मोकळी आहे.

दुसरी गोष्ट आंबटपणा. ज्या वाइननं लाळ सुटते ती जेवणाबरोबर चांगली, फक्त दात आंबतील इतकी आंबट नको. तिसरी गोष्ट तोंडातलं वजन. ताक आणि म्हशीचं धारोष्ण दूध यांत जो फरक जिभेला जाणवतो तोच हलक्या आणि भारी वाइनमध्ये असतो. गंगावेशीत कट्ट्यावर दूध प्यायलेल्या माणसाला हे सोपं जावं.

आणि गोडी? आपल्याकडे बऱ्याच जणांची पहिली रेड वाइन म्हणजे गोव्याहून आलेली ‘पोर्ट’. ती गोड असते, स्वस्त असते, आणि पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातल्या खऱ्या पोर्टशी तिचं नावापुरतंच नातं. खऱ्या पोर्टमध्ये आंबवण थांबवायला द्राक्षाचं मद्य घालतात, त्यामुळे अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातं. तुम्हाला गोड आवडत असेल तर त्यात कमीपणा नाही. फक्त साध्या, कोरड्या रेड वाइनला त्या मापानं मोजू नका. लेबलवर ‘ड्राय’ लिहिलंय म्हणजे साखर जवळजवळ शिल्लक नाही, एवढाच त्याचा अर्थ.

द्राक्षाचं नाव बघून निवडा

नव्या माणसानं कंपनीच्या नावाआधी द्राक्षाचं नाव शोधावं. शंभर जाती पाठ करायची गरज नाही, कोल्हापुरातल्या फळीवर चार-पाचच दिसतात.

शिराझपासून सुरुवात करा, असं मी बहुतेकांना सांगते. आपल्या हवेत हे द्राक्ष चांगलं पिकतं, जांभळासारखी गडद चव येते, आणि वासात काळी मिरी असते. हा नुसता भास नाही. मिऱ्याला जो वास देतं तेच रोटंडोन नावाचं द्रव्य शिराझच्या सालीत सापडतं. मसाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हा वास ओळखीचा वाटतो, आणि पहिल्या बाटलीत ओळखीचं काही सापडणं फार मोलाचं असतं.

कॅबर्ने सॉव्हिन्यो जास्त तुरट, जास्त ताठ. द्राक्ष नीट पिकलं नसेल तर कापलेल्या ढोबळी मिरचीचा वास येतो. स्वस्त कॅबर्नेमध्ये तो हमखास भेटतो. मर्लो मऊ, तुरटपणा कमी, कोरा चहा नकोसा वाटला त्यांनी इथून सुरुवात करावी. झिनफँडेल पिकलेल्या फळाच्या मुरांब्याकडे झुकणारं, पण त्यात अल्कोहोल चढं असतं. सांजोव्हेजे हे मूळ इटलीतलं, आंबटसर, जेवणाबरोबर उत्तम. आपल्यासाठी त्याची गंमत अशी की सोलापूर जिल्ह्यात, अकलूजला, फ्राटेली या वाइन कंपनीच्या मळ्यात ते वाढतं. ‘फ्राटेली’ म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. मोहिते-पाटलांची जमीन आणि इटलीतल्या भावांचा अनुभव अशी ती जोडणी आहे. ऊस आणि डाळिंबाच्या मुलखात इटलीतल्या टस्कनीचं द्राक्ष येतं याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

कॅबर्ने-शिराझ असं जोडनाव दिसलं तर घाबरू नका. एकाचा ताठपणा आणि दुसऱ्याचा गोडवा सांभाळण्यासाठी मिश्रण करतात. कर्नाटकातल्या नंदी हिल्सच्या ग्रोव्हरचं ‘ला रिझर्व्ह’ अशाच मिश्रणाचं आहे, आणि त्यांना १९९०च्या दशकापासून फ्रान्समधल्या बोर्डोचे वाइन सल्लागार मिशेल रोलाँ यांचा सल्ला होता. नाशिकच्या यॉर्कची ‘अरोस’ही याच दोन द्राक्षांची. सुलाची ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’ कोल्हापुरात तुलनेनं सहज मिळते. पहिल्या पाच बाटल्यांत ही तीन नावं आणि एखादी अकलूजची सांजोव्हेजे आली तर बरंच शिकून होतं.

आपले पैसे नेमके कशाला जातात

परदेशी बाटली दिसली की हात आधी तिकडे जातो. पण हिशोब करा. परदेशी वाइनवर आपल्याकडे वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारामुळे डिसेंबर २०२२ पासून पाच डॉलरहून जास्त आयात किमतीच्या त्यांच्या बाटल्यांवर ते १०० टक्क्यांवर, पंधरा डॉलरहून जास्त किमतीच्यांवर ७५ टक्क्यांवर आलं, आणि पुढे टप्प्याटप्प्यानं कमी होत जाणार असं ठरलं. म्हणजे दोन हजारांच्या परदेशी बाटलीतली वाइन तिच्या गावी अगदी साधी, रोजच्या जेवणाची असू शकते. बाकीचा पैसा कराचा, जहाजाचा आणि मधल्या हातांचा. महाराष्ट्रात बनलेल्या वाइनला २००१च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणापासून करात सवलत मिळत आली आहे. म्हणून त्याच पैशात राज्यातली वरच्या दर्जाची बाटली मिळते. हजार-दीड हजारांत बसवायचं असेल तर माझं मत ठाम आहे: नाशिक, अकलूज, नंदी हिल्स. परदेशी बाटली कधी तरी, ठरवून.

किंमत वाढवणारी दुसरी गोष्ट लाकडी पिंप. ओकच्या एका नेहमीच्या पिंपात २२५ लिटर वाइन मावते, म्हणजे बरोबर ३०० बाटल्या. पिंप परदेशातून येतं, महाग असतं, आणि त्याचा वास काही हंगामांतच उतरतो. तो खर्च ३०० बाटल्यांवर वाटला जातो. म्हणून खऱ्या पिंपात मुरलेली वाइन पाचशे रुपयांत मिळणार नाही. त्या किमतीच्या बाटलीत व्हॅनिलाचा, जळक्या लाकडाचा वास फारच जोरात आला तर तो बहुधा वाइनमध्ये टाकलेल्या ओकच्या ढलप्यांचा असतो.

‘रिझर्व्ह’ या शब्दावर फार विसंबू नका. स्पेनमधल्या रिओखात ‘रिझर्वा’ लिहायला तीन वर्षं मुरवणं आणि त्यातलं किमान एक वर्ष पिंपात ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. आपल्याकडे तो कंपनीचा स्वतःचा शब्द आहे. चांगली कंपनी तो इमानानं वापरते, पण शब्द म्हणजे हमी नाही. जड बाटली, तळाचा खोल खड्डा, सोनेरी अक्षरं यांनीही आतली वाइन बदलत नाही. आणि फिरकीचं झाकण बघून नाक मुरडू नका. आपल्या हवेत, दोन-तीन वर्षांत प्यायच्या वाइनला ते बुचापेक्षा मला जास्त भरवशाचं वाटतं.

रेटिंग कसं वाचायचं

रेटिंग मुख्यतः तीन प्रकारची भेटतात. पहिली १०० पैकी गुणांची. रॉबर्ट पार्कर या अमेरिकन समीक्षकानं ही पद्धत लोकप्रिय केली. ती शून्यापासून नाही, ५० पासून सुरू होते, त्यामुळे ८२ गुण ऐकून ‘डिस्टिंक्शन’ समजू नका. ‘वाइन स्पेक्टेटर’ या अमेरिकन मासिकाच्या मापात ८० ते ८४ म्हणजे चांगली, ८५ ते ८९ खूप चांगली, ९० च्या पुढे उत्कृष्ट. हजार रुपयांच्या बाटलीला ८६-८७ असतील तर ती पैसावसूल आहे, बिनधास्त घ्या.

दुसरी पदकं. ‘डिकँटर’ या ब्रिटिश वाइन मासिकाच्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ म्हणजे ८६ ते ८९ गुण, सिल्व्हर ९० ते ९४, गोल्ड ९५-९६ आणि त्यावर प्लॅटिनम. ऑलिंपिकसारखं तिथे एकच ब्राँझ नसतं. जितक्या वाइन त्या गुणांत बसतील तितक्यांना मिळतं. म्हणून पदकाचा बिल्ला दिसला की स्पर्धेचं नाव आणि साल दोन्ही वाचा.

तिसरी ॲपवरची, पाच ताऱ्यांची, लोकांनी दिलेली. इथे मी दोन गोष्टी बघते. किती जणांनी दिलंय? वीस जणांचे ४.२ आणि दोन हजार जणांचे ३.८ यांत मी दुसरी बाटली घेते. आणि तुलना कशाशी करतोय? शिराझची शिराझशी, हजाराची हजाराशी. गोड, सोप्या वाइनला लोक सढळ हातानं तारे देतात, त्यामुळे ४.१ ची गोड वाइन ३.७ च्या कोरड्या वाइनपेक्षा ‘चांगली’ ठरत नाही. तारे बघण्यापेक्षा खालचे चार-पाच अभिप्राय वाचा. ‘फार तुरट’, ‘पेपरी’ (मिऱ्यासारखी), ‘थिन’ (पाणचट) हे शब्द वारंवार येत असतील तर ते आकड्यापेक्षा जास्त सांगतात.

पण सगळ्यात महत्त्वाचं: रेटिंग एका सालाचं असतं. २०१९ च्या वाइनला मिळालेले गुण २०२३ च्या बाटलीला चिकटत नाहीत. पाऊस, छाटणी, कापणी, सगळं दर वर्षी वेगळं. मामा एकाच बागेतल्या दोन सालच्या द्राक्षांबद्दल दोन वेगळ्या बागांबद्दल बोलावं तसं बोलायचा. ॲपवर बाटली शोधली की साल जुळवा, नाही तर तो आकडा दुसऱ्याच वाइनचा आहे असं समजा.

बाटली हातात घ्या

कोल्हापुरात माझ्या मते ही पायरी सगळ्यात मोठी आहे. रेटिंग देणाऱ्यानं जी बाटली उघडली ती थंड तळघरातून आली होती. आपल्यापर्यंत आलेली बाटली ट्रकमधून, गोदामातून, एप्रिल-मे झेलून येते.

काही वर्षांपूर्वी लग्नाच्या वाढदिवसाला मी शहरातल्या एका दुकानातून परदेशी कॅबर्ने घेतली. ९१ गुण, शिवाय सवलत. शोकेसमध्ये पुढेच, उन्हाच्या तिरिपेत उभी होती. घरी झाकणावरचं वेष्टन सोलताना बोटाला चिकट लागलं. बुचाच्या कडेनं गळ्यावर वाळलेल्या वाइनचा जांभळट ओघळ होता आणि बूच काचेच्या कडेपेक्षा किंचित वर आलेलं. तेव्हा मला त्याचा अर्थ माहीत नव्हता. ग्लासात ओतली तर रंग विटकरी, वास उकळलेल्या मनुकांचा, चव सपाट. उष्णतेनं वाइन फुगून बुचातून पाझरली होती आणि त्याच वाटेनं आत हवा शिरली होती. ९१ गुण कुठेच सापडले नाहीत, आणि त्या संध्याकाळी मला मनापासून वाईट वाटलं, पैशांपेक्षा त्या दिवसासाठी.

तेव्हापासून मी बाटली अशी तपासते. उजेडाकडे धरून पातळी बघायची, बूच किंवा झाकणापासून फार खाली गेलेली नको. वेष्टनाखाली बोट फिरवायचं, चिकट किंवा फुगीर नको. लेबल उन्हानं उडालेलं असेल तर बाटली परत ठेवायची. शोकेसमधली, ट्यूबलाइटखालची आणि फ्रीजच्या मागच्या गरम जागेतली कधीच घ्यायची नाही, आतल्या खोक्यातली मागायची.

मग साल. आपल्याकडे वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. म्हणजे एकाच सालाची भारतीय वाइन तिकडच्या वाइनपेक्षा साधारण सात-आठ महिन्यांनी मोठी असते. हजाराच्या आतली भारतीय रेड वाइन कापणीपासून दोन-तीन वर्षांत प्यावी. पिंपातली, वरच्या दर्जाची असेल तर चार-पाच वर्षं चालते. ‘जितकी जुनी तितकी चांगली’ हे जगातल्या फार थोड्या बाटल्यांना लागू पडतं आणि त्या आपल्या फळीवर नसतात. मागच्या लेबलवर एमआरपी, अल्कोहोलचं प्रमाण आणि बाटलीत भरल्याची माहितीही बघा.

आणि विचारा. बोलायला लाजू नका. माझं बोलणं साधारण असं होतं:

“मालक, ही शिराझ कधी आलीय?”

“आत्ताच आलीय की ताई, महिना झाला असंल.”

“आतल्या खोक्यातली दाखवता का? ही लाइटखाली हाय.”

“थांबा, पोराला सांगतो. तेवढं कोण बघत न्हाई हो.”

दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी न विचारता आतून काढून दिली. तिसऱ्यांदा, नाशिकची एक बाटली हवी होती ती वितरकाकडून मागवून ठेवली. ज्या दुकानात वाइन खपते, माल फिरतो, तिथूनच घ्या. फळीवरच्या बाटल्यांवर धूळ असेल तर कितीही सवलत असली तरी पुढचं दुकान बघा. बायकांनी दुकानात जायला कचरायचं काहीच कारण नाही. मी सकाळी गर्दी नसताना जाते, त्या वेळी दुकानदारालाही बोलायला सवड असते.

गोव्याहून स्वस्तात आणण्याचा विचार येतोच. परवान्याशिवाय राज्याच्या हद्दीतून मद्य आणणं गुन्हा आहे आणि नाक्यांवर तपासणी होते. शिवाय मे महिन्यात आंबोली चढून येणाऱ्या गाडीच्या डिकीत चार-पाच तास घालवलेल्या वाइनचं काय होतं ते वर सांगितलंच.

घरी आणल्यावर

बाटली थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. जुन्या घरात माजघर असेल तर उत्तम, फ्लॅटमध्ये कपाटाचा खालचा कप्पा. ओट्याजवळ किंवा फ्रीजच्या वर नको. बुचाची असेल तर आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहतं. महिन्याभरात पिणार नसाल तर उन्हाळ्यात सरळ फ्रीजमध्ये ठेवली तरी चालेल.

‘रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यावी’ हा नियम थंड देशातल्या खोल्यांचा आहे, तिथे ते १६ ते १८ अंश असतं. आपल्या घरात एप्रिलमध्ये ३२ अंश असतात. अशा वाइनमधून फक्त अल्कोहोलचा झणका येतो आणि फळ हरवतं. ओतण्याआधी तास-दीड तास फ्रीजमध्ये ठेवा. एवढ्या एका गोष्टीनं ८४ गुणांची वाइन ८७ ची वाटते, हे मी किती तरी पाहुण्यांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

ग्लास काचेचा, तोंडाशी थोडा आत वळलेला. एक तृतीयांश भरा, हलकेच फिरवा, आधी वास घ्या. जुन्या ओल्या पुठ्ठ्याचा किंवा पावसाळ्यात कोंदटलेल्या पोत्याचा वास आला तर बुचाचा दोष आहे, त्यात तुमची चूक नाही. पहिला घोट तोंडात पाच-सहा सेकंद धरा. गिळल्यावर चव किती वेळ राहते ते मोजा. सुरुवातीला दर्जा ओळखायची माझी हीच सोपी खूण होती.

ताटात काय

मटण आणि रेड वाइन ही जोडी जगभर चालते, कारण मांसातली प्रथिनं आणि चरबी वाइनचा तुरटपणा मऊ करतात. पण कोल्हापूरचं मटण नुसतं मटण नाही, त्यात कांदा-लसूण चटणी आहे. तिखटाची आग आणि अल्कोहोलची ऊब तोंडात एकाच जागी लागतात आणि एकमेकांना चढवतात. वर भरपूर टॅनिन असेल तर तिखट आणखी बोचतं. म्हणून झणझणीत तांबड्या रश्श्याबरोबर चौदा टक्क्यांची पिंपातली कॅबर्ने उघडू नका. दोघांचंही नुकसान होतं, आणि मला विचाराल तर तांबड्या रश्श्याला वाइनची गरजच नाही.

पांढरा रस्सा मात्र निराळा. नारळाचं दूध, तीळ, खसखस, मटणाचं पाणी. त्या मऊपणाबरोबर थोडी थंड केलेली सांजोव्हेजे किंवा मर्लो सुंदर लागते, तिचा आंबटपणा नारळाचा जडपणा कापतो. सुक्या मटणात चटणी बेतानं घातली तर शिराझ, मिऱ्याला मिरे भेटतात. शाकाहारी ताटात अख्खा मसूर आणि भाकरी घ्या, किंवा चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत. भरताचा धुरकट वास आणि पिंपातली कॅबर्ने-शिराझ ही जोडी मी पाहुण्यांना मुद्दाम देते.

कागदात गुंडाळून

तीन-चार बाटल्या होऊन गेल्या की हा खेळ करा. चौघांत तीन बाटल्या घ्या, एकाच द्राक्षाच्या: एक सातशे-आठशेची, एक हजार-बाराशेची, एक त्याहून महाग. ज्याला चव घ्यायची नाही अशा कुणाकडून तरी त्या वर्तमानपत्रात गुंडाळून घ्या आणि वर १, २, ३ लिहा. प्रत्येकाला प्रत्येकीचे दोनच घोट ओता. किंमत न कळता आवडीचा क्रम लिहा, मगच कागद सोडा.

१९७६ मध्ये पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश वाइनविक्रेत्यानं असंच केलं होतं. फ्रेंच परीक्षकांनी न बघता चव घेतली आणि रेड वाइनमध्ये पहिला क्रमांक बोर्डोऐवजी कॅलिफोर्नियाच्या कॅबर्नेला दिला. आमच्या घरी मागच्या दिवाळीत मधल्या किमतीची बाटली चारपैकी तिघांनी वर ठेवली. माझ्या जावेनं मात्र सातशेची निवडली, आणि ती अजून तीच घेते. तिच्यासाठी तीच सगळ्यात जास्त गुणांची.

एक वही ठेवा. नाव, साल, द्राक्ष, दुकान, किंमत, आणि एक ओळ: तुरट किती, आंबट किती, पुन्हा घेईन का. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. दहा बाटल्यांनंतर दुकानात उभं राहून मोबाइल काढावा लागत नाही.

उघडलेली बाटली झाकण लावून फ्रीजमध्ये तीन ते पाच दिवस टिकते. त्यानंतर चव उतरली तर ओतून देऊ नका. सुक्या मटणाचा कांदा तांबूस झाला की त्यात अर्धी वाटी घाला, आच मोठी ठेवून पूर्ण आटू द्या, आंबूस वास गेला की मग आलं-लसूण आणि मटण टाका. शिराझ असेल तर मिरे थोडे कमी घाला.